हेड कोच म्हणजे नेमका कोण? पिट्सबर्गच्या तीन माणसांची गोष्ट

२००८ च्या ऑगस्टमध्ये मी पिट्सबर्गच्या विमानतळावर पहिल्यांदा उतरलो, तेव्हा सरकत्या जिन्याजवळ दोन पुतळे दिसले. एक जॉर्ज वॉशिंग्टन यांचा, तो ओळखता आला. दुसरा हेल्मेट घातलेल्या, पुढे झुकून पायाच्या बोटांपाशी आलेला चेंडू दोन्ही हातांनी उचलणाऱ्या एका खेळाडूचा. देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या मांडीला मांडी लावून उभा केलेला हा माणूस कोण, असं मी टॅक्सीवाल्याला विचारलं. घर येईपर्यंत तो त्या एका झेलाबद्दलच बोलत होता. पण दर दोन वाक्यांनी तो जे नाव घेत होता, ते त्या खेळाडूचं नव्हतं. ते होतं चक नोल यांचं, शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या जुन्या हेड कोचचं.

मला तेव्हा काहीही कळलं नाही. आता इतकी वर्षं इथे काढल्यावर उलटं झालंय. भारतातून शिकायला येणारी मुलं घरी जेवायला आली की विचारतात, "काका, हे लोक खेळाडूंपेक्षा कोचबद्दलच इतकं का बोलतात?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर एका जेवणात पुरं होत नाही, म्हणून हा लेख.

आपली अडचण अशी की कोच म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेट येतं. तिथे कोच ड्रेसिंग रूमच्या बाल्कनीत बसतो. क्षेत्ररक्षण लावणं, गोलंदाज बदलणं, रिव्ह्यू घेणं हे सगळं मैदानावरच्या कर्णधाराचं काम. अमेरिकन फुटबॉलमध्ये यातलं जवळपास सगळं सीमारेषेबाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे असतं. आणि हे उंटावरून शेळ्या हाकणं नव्हे. सामन्याची जवळजवळ प्रत्येक चाल बाहेरूनच येते.

खेळाचा सांगाडा थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे अकरा-अकरा जण. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. दहा यार्ड म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीच्या निम्म्याहूनही कमी अंतर. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. या प्रत्येक प्रयत्नाला 'डाउन' म्हणतात. चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात शिरलं की टचडाउन, त्याचे सहा गुण. लाथेने चेंडू दोन खांबांमधून मारला तर फील्ड गोल, त्याचे तीन. आक्रमण करणारे अकरा आणि बचाव करणारे अकरा हे वेगवेगळे खेळाडू असतात, लाथ मारायच्या वेळी येणारी तिसरी तुकडी आणखी वेगळी. ५३ जणांच्या या संघात प्रत्येक फळीचा वेगळा प्रशिक्षक असतो, आणि या सगळ्यांच्या वर एक हेड कोच.

आता एक चाल जवळून बघू. आधीची चाल संपते, पंचांचं घड्याळ ४० सेकंदांपासून उलटं धावू लागतं. तेवढ्यात पुढची चाल सुरू झाली पाहिजे, नाहीतर दंड. कोचच्या हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला मोठा तक्ता असतो, त्यावर बारीक अक्षरात, रंगवार, शंभरेक चाली लिहिलेल्या. त्यातली एक निवडून तो माइकमध्ये बोलतो. बोलताना तोच तक्ता तोंडासमोर धरतो, कारण समोरच्या संघाने ओठ वाचायला नकोत. ते शब्द पोचतात क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या छोट्या स्पीकरवर. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. घड्याळात १५ सेकंद उरले की हा संपर्क आपोआप तुटतो. म्हणजे निवडायला आणि सांगायला जेमतेम २५ सेकंद. त्यानंतर तो पोरगा साठ-सत्तर हजार लोकांच्या गोंगाटात एकटा. काही संघांत चाल स्वतः हेड कोच सांगतो, काहींत आक्रमणाचा प्रशिक्षक. दुसऱ्या प्रकारातही हेड कोच कानाला यंत्र लावून सगळं ऐकत असतो आणि पटलं नाही तर मोडता घालतो.

पण हेड कोचची खरी परीक्षा चौथ्या डाउनला. तीन प्रयत्न संपले, अजून दोन यार्ड हवेत. काय करायचं? चेंडू लाथेने लांब समोरच्यांच्या अंगणात पाठवून द्यायचा? खांब टप्प्यात असतील तर फील्ड गोल मारून तीन गुण पदरात पाडून घ्यायचे? की चौथा प्रयत्नही खेळायचा, आणि फसला तर आहे त्या जागी चेंडू त्यांच्या हवाली करायचा? हा निर्णय हेड कोचचा, आणि काही क्षणांत घ्यायचा. जमलं तर खेळाडूंचं कौतुक. फसलं तर खापर त्याच्याच डोक्यावर. अर्ध्या सामन्यात तीनच टाइम-आउट मिळतात, ते कधी खर्चायचे हेही त्यानेच बघायचं. पंचांचा निर्णय पटला नाही तर खिशातला लाल रुमाल मैदानात फेकायचा, तो आक्षेप चुकीचा ठरला की एक टाइम-आउट गेला.

हे सगळं बाहेरून चालवण्याची पद्धत रुजवण्यात क्लीव्हलंड संघाचे कोच पॉल ब्राउन यांचा वाटा फार मोठा. त्यांनी खेळाडूंना वर्गात बसवलं, वह्या करायला लावल्या, सामन्यांचं चित्रीकरण पुन्हा पुन्हा दाखवलं. चाल मैदानात पोचवायला ते दोन खेळाडू आलटून पालटून आत पाठवायचे. एक निरोप घेऊन आत, दुसरा बाहेर. निरोप्याचं हे काम करणाऱ्यांपैकी एक होता चक नोल नावाचा तरुण. १९५६ मध्ये ब्राउन यांनी क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओच बसवून बघितला. व्यावसायिक संघांच्या लीगचे, म्हणजे एनएफएलचे, तेव्हाचे आयुक्त बर्ट बेल यांनी त्यावर बंदी घातली, ती १९९४ मध्ये उठली. हे बर्ट बेल एकेकाळी स्वतःही हेड कोच होते. कुठले? पिट्सबर्गचेच. फक्त दोन सामन्यांपुरते.

इथून पिट्सबर्गच्या संघाची, म्हणजे स्टीलर्सची गोष्ट सुरू होते, आणि ती सुरुवात वाईट आहे.

आर्ट रूनी या स्थानिक गृहस्थांनी १९३३ मध्ये २५०० डॉलर भरून हा संघ काढला. माणूस दिलदार, शहरात सगळ्यांचा लाडका, पण संघ चालवण्यात धरसोड. पहिल्या ३६ हंगामांत डझनाहून अधिक हेड कोच झाले. काहींना नारळ दिला, मग काही वर्षांनी त्यांनाच पुन्हा बोलावलं. १९४१ च्या एका हंगामात तीन कोच झाले. पहिले बेल, दोन्ही सामने हरून बाजूला झाले. दुसरे आल्डो डोनेली, हे त्याच वेळी शहरातल्या ड्यूकेन विद्यापीठाच्या संघालाही शिकवत होते. एकाच वेळी दोन्ही संघांचे सामने देशाच्या दोन टोकांना आले आणि त्यांना निवड करावी लागली, तेव्हा त्यांनी विद्यापीठ निवडलं. व्यावसायिक संघाचा कोच कॉलेजच्या पोरांसोबत निघून गेला, यातच त्या काळच्या स्टीलर्सची पत कळते. मग वॉल्ट किसलिंग आले, हे आधीही येऊन गेले होते आणि नंतरही येणार होते.

याच किसलिंग यांच्या हातून १९५५ मध्ये जी चूक झाली, तिची हळहळ इथले म्हातारे अजूनही करतात. जॉनी युनायटस नावाचा पिट्सबर्गचाच पोरगा संघात निवडला गेला होता. हंगाम सुरू होण्याआधीच त्याला घरी पाठवलं. पोटासाठी तो सामन्याला सहा डॉलर घेऊन शहरातल्याच एका हौशी संघाकडून खेळला, आणि पुढच्या वर्षी बाल्टिमोरने त्याला घेतलं. तिथे तो त्या पिढीतला सर्वांत मोठा क्वार्टरबॅक झाला.

३६ वर्षांत स्टीलर्स बाद फेरीत फक्त एकदा गेले, १९४७ मध्ये, आणि ०-२१ असे हरले. कोच बदलला की नव्या माणसाला जुने खेळाडू पसंत नसतात. तो आपले आणतो, ते रुळेपर्यंत त्याचीच गच्छंती होते, आणि मग तिसऱ्याला दोघांचाही उरलासुरला माल मिळतो. हा खेळ पाठांतराचा आहे. अकरा जणांनी एकाच क्षणी ठरलेलं पाऊल ठरलेल्या जागी टाकायचं असतं. कोच बदलला की पोथी बदलते, आणि सगळ्यांची पुन्हा अ आ इ पासून सुरुवात.

१९६९ मध्ये आर्ट यांचे चिरंजीव डॅन रूनी यांनी सूत्रं हातात घेऊन नवा कोच शोधला. पहिली पसंती पेन स्टेट विद्यापीठाच्या जो पॅटर्नो यांना होती, त्यांनी नकार दिला. मग ३७ वर्षांच्या चक नोल यांना बोलावलं. नोल तेव्हा बाल्टिमोरला बचावाचे प्रशिक्षक होते आणि पंधरवड्यापूर्वीच त्यांचा संघ सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, हरला होता. पिट्सबर्गला आल्यावर त्यांनी खेळाडूंना साफ सांगितलं की तुम्ही हरता याचं कारण तुम्ही पुरेसे चांगले नाही, आणि तुमच्यातले बरेच जण इथे राहणार नाहीत. पहिला सामना जिंकला. मग उरलेले तेराच्या तेरा हरले.

एक विजय, तेरा पराभव. आजच्या काळात एवढ्यावर कोचची बॅग भरलेली असते. नियमित हंगाम संपल्यानंतरच्या सोमवारला इथे 'काळा सोमवार' म्हणतात, कारण त्या दिवशी देशभरात हेड कोच पटापट घरी जातात. अनेकांना तिसरा हंगामही बघायला मिळत नाही. रूनींनी मात्र नोल यांना ठेवलं. पुढच्या वर्षी पाच विजय, नऊ पराभव. त्याच्या पुढच्या वर्षी सहा आणि आठ. तीन वर्षांत एकही धड हंगाम नाही, आणि तरी ठेवलं. या खेळाच्या इतिहासात कोचइतकंच मोठं काम कुणा मालकाने केलं असेल तर ते हेच, असं माझं ठाम मत आहे.

मात्र ही वाट बघणं आंधळं नव्हतं. विजय दिसत नव्हते तरी खाली पाया भरला जात होता. या लीगमध्ये कॉलेजमधून आलेल्या खेळाडूंची निवड दरवर्षी ओळीने होते. त्याला ड्राफ्ट म्हणतात. आयपीएलसारखी बोली नसते, आदल्या वर्षी जो तळाला त्याला पहिला मान. नोल यांनी आल्या आल्या जो ग्रीन हा बचावपटू घेतला, तेव्हा पिट्सबर्गमध्ये त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. १९६९ अखेर पिट्सबर्ग आणि शिकागो दोघंही १-१३ वर अडकले होते. नाणेफेक झाली, पिट्सबर्गने जिंकली आणि त्या जोरावर टेरी ब्रॅडशॉ हा क्वार्टरबॅक घेतला. संघाने बिल नन या पत्रकारालाही कामावर घेतलं. पिट्सबर्ग कुरिअर या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात ते क्रीडावार्तांकन करायचे, त्यामुळे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत कोण कसं खेळतं हे त्यांना तोंडपाठ होतं. इतर संघ तिकडे फारसे फिरकत नव्हते. १९७४ च्या एकाच ड्राफ्टमध्ये स्टीलर्सनी घेतलेले चार खेळाडू पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेले. त्यांतला जॉन स्टॉलवर्थ अलाबामाच्या अशाच एका कॉलेजातला.

आता त्या पुतळ्याकडे येतो. २३ डिसेंबर १९७२, घरच्या मैदानावर बाद फेरी, समोर ओकलंड. गुण ६-७. घड्याळात २२ सेकंद, चौथा डाउन, दहा यार्ड हवेत आणि चेंडू स्वतःच्याच ४० यार्डांच्या रेषेवर. नोल यांनी एका नवख्या खेळाडूसाठी चाल पाठवली. ती विस्कटली. ब्रॅडशॉने जीव वाचवत दुसऱ्याच कुणाच्या दिशेने चेंडू भिरकावला. तिथे दोघांची टक्कर झाली, चेंडू उसळून मागे आला आणि जमिनीला टेकणार एवढ्यात फ्रँको हॅरिसने तो बुटाच्या टोकापाशी उचलला आणि धावत सुटला. १३-७. आर्ट रूनींनी हे बघितलंच नाही. चाळीस वर्षं पराभव बघितलेला तो म्हातारा हरलेल्या पोरांचं सांत्वन करायला लिफ्टने खाली निघाला होता.

हा झेल नशिबाचा म्हणा. पण चेंडू उसळला तेव्हा हॅरिस तिथे कसा होता? त्याचं काम मागे राहून ब्रॅडशॉला वाचवण्याचं होतं. चाल मोडली तसा तो चेंडूच्या दिशेने पळाला. चाल मोडली तरी पाय थांबवायचे नाहीत ही शिकवण कोचच्या तक्त्यावर लिहिलेली नसते, ती रोजच्या सरावातून अंगात भिनते. टॅक्सीवाला दर दोन वाक्यांनी नोल यांचं नाव का घेत होता, ते मला हा सामना मित्राच्या घरी जुन्या चित्रीकरणात बघितल्यावर कळलं.

१९७४ ते १९७९ या सहा हंगामांत नोल यांनी चार सुपर बोल जिंकले. ते आरडाओरडा करत नसत. विमान चालवण्याचा परवाना त्यांच्याकडे होता. फुटबॉल हे आयुष्याचं खरं काम नव्हे, ते पुढे शोधायचं आहे, असं ते खेळाडूंना सांगत. पुढची बारा वर्षं मात्र उतरतीची होती, आणि तेही सांगायला हवं. १९८९ चा पहिलाच सामना स्टीलर्स घरच्या मैदानावर ०-५१ असा हरले. संयमाची किंमत ही अशीही चुकवावी लागते. १९९१ च्या हंगामानंतर नोल स्वतःहून थांबले.

त्यांच्या जागी आलेले बिल काउर पिट्सबर्गलाच लागून असलेल्या क्राफ्टनचे, वय ३४, स्वभावाने नोल यांच्या अगदी उलट. हनुवटी पुढे काढून पंचांच्या तोंडावर ओरडणारे. पहिल्या सहाही हंगामांत संघ बाद फेरीत नेला. पण सुपर बोलच्या एक पायरी आधी घरच्याच मैदानावर चार वेळा हरले. मधली तीन वर्षं तर बाद फेरीही नाही. खेळाडू निवडणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याशी त्यांचं बिनसलं तेव्हा डॅन रूनींनी कोचची बाजू घेतली. अखेर चौदाव्या हंगामात, फेब्रुवारी २००६ मध्ये, काउर यांनी सिएटलला २१-१० हरवून चषक आणला.

त्यानंतरच्या नेमणुकीआधी एका नियमाबद्दल सांगायला हवं. लीगमधले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय, पण हेड कोच जवळपास सगळे गोरे होते. १९२० च्या दशकात फ्रिट्झ पोलार्ड होऊन गेले, त्यानंतर थेट १९८९ मध्ये आर्ट शेल. यावर २००३ मध्ये नियम आला की हेड कोच नेमताना किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायचीच. तो सुचवणाऱ्या समितीचे प्रमुख डॅन रूनी, म्हणून 'रूनी रूल'. त्याच वर्षी डेट्रॉइटने अशी मुलाखत न घेता कोच नेमला, तर दोन लाख डॉलरचा दंड झाला. हा नियम नोकरी देत नाही, फक्त दार उघडं ठेवतो.

२००७ मध्ये काउर थांबले. संघातलेच दोन सहायक स्पर्धेत होते, त्यांतले एक केन व्हिझनहंट, चषक जिंकून देणाऱ्या आक्रमणाचे प्रशिक्षक. सगळ्यांना वाटलं, घरचाच माणूस येणार. रूनींनी निवडलं ३४ वर्षांच्या माइक टॉमलिन यांना, स्टीलर्सचे पहिले कृष्णवर्णीय हेड कोच. नियमापुरतं त्यांना बोलावलं होतं असं लोक म्हणतात, ते बरोबर नाही. नियमासाठी लागणारी मुलाखत आधीच, रॉन रिव्हेरा यांची, होऊन गेली होती. टॉमलिन यांनी खोलीत बसून मन जिंकलं.

यात आपल्या गाण्यातल्या घराण्यासारखी एक साखळी आहे. ब्राउन यांचे शिष्य नोल. नोल यांच्या हाताखाली आधी खेळलेले आणि मग बचावाचे प्रशिक्षक झालेले टोनी डंजी. डंजी टॅम्पा बे संघाचे हेड कोच असताना २००१ मध्ये त्यांनी ज्या तरुणाला घेतलं, तो टॉमलिन. टॉमलिन यांची पिट्सबर्गला नेमणूक झाली आणि पंधरवड्याच्या आत डंजी हे सुपर बोल जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय हेड कोच ठरले.

१९६९ ते २०२४ या छप्पन्न हंगामांत स्टीलर्सचे हेड कोच फक्त तीन. टॉमलिन यांच्या पहिल्या अठरा हंगामांत एकदाही पराभव विजयांपेक्षा जास्त झाले नाहीत. २०१९ मध्ये मुख्य क्वार्टरबॅक सुरुवातीलाच जखमी झाला तरी ८-८. पण जानेवारी २०१७ नंतर, २०२४ च्या हंगामापर्यंत, बाद फेरीतला एकही विजय नाही, यावर माझ्या ऑफिसात दर सोमवारी वाद होतात. मला दोन्ही बाजू पटतात. आणि वाद सुरू झाला की मला माझा इथला पहिला हिवाळा आठवतो.

१ फेब्रुवारी २००९. शेजारच्या आजींनी सामना बघायला घरी बोलावलं होतं. टॅम्पा शहरात सुपर बोल, समोर ॲरिझोना, आणि त्यांचे हेड कोच कोण? पिट्सबर्गहून तिकडे गेलेले व्हिझनहंट. पूर्वार्ध संपता संपता ॲरिझोना टचडाउनपासून एक यार्डावर होती. स्टीलर्सचा बचावपटू जेम्स हॅरिसन याला बाहेरून सांगितलं होतं की थेट क्वार्टरबॅकवर चालून जा. त्याने दोन पावलं पुढे टाकली आणि मनाशी काही ठरवून मागे सरकला. चेंडू त्याच्याच हातात आला, आणि तो अगडबंब माणूस शंभर यार्ड धावला. पलीकडे पोचल्यावर तो जमिनीवर उताणा पडला, श्वासही घेता येईना. तक्त्यावरची आज्ञा त्याने मोडली होती.

शेवटी ३५ सेकंद उरले असताना स्टीलर्सच्या सँटोनिओ होम्सने कोपऱ्यात उंच हात करून चेंडू झेलला. शरीर रेषेबाहेर झुकलेलं, पण दोन्ही पायांची बोटं आत टेकलेली. २७-२३. आजी स्टीलर्सच्या चाहत्यांचा तो पिवळा टॉवेल फिरवत उठल्या, आणि ३६ वर्षांचे टॉमलिन पडद्यावर आले तेव्हा त्यांनी बोट दाखवलं पलीकडे, खाली मान घालून उभ्या असलेल्या व्हिझनहंटकडे. "तोही आपलाच," त्या म्हणाल्या.